शेंदूर लावलेलं वारूळ

जंगल समितीची पहिली मीटिंग झाली तवा मी दाराजवळ बसली होती. लवकर उठून जाता यावं म्हून. जंगलवाले लोक आमच्या गावात आले का काही ना काही घेऊनच जात. कधी कुऱ्हाड, कधी लाकडाची मोळी, कधी एखादा मानूसच गाडीत टाकून नेत. आता तेच लोक चहा देऊन राहिले होते, बिस्किटं देऊन राहिले होते, अन म्हनत होते का हे जंगल तुमचंच हाये, तुमीच राखा. मी चहा घेतला नाही. माह्या बाजूच्या बाईनं दोनदा घेतला.

आमचं गाव पारशिवनीच्या पुढं, पेंचच्या जंगलाले लागून. मी तिथली नाही. माहेर उमरेडचं, कोष्ट्याचं घर. बापाचा हातमाग होता. दुसरीपर्यंत शाळेत गेली, मंग बापानं मागाच्या सुताच्या कांड्या भराले बसवली, ते लग्न होईपर्यंत. नवरा खापरखेड्याले पावर हाऊसमधी ठेकेदाराकडं राखेच्या कामावर होता. दहा वर्षं राख काढली त्यानं अन दोन वर्षं खोकला. तो गेल्यावर क्वार्टरवाल्यानं मले राहू दिलं नाही. दोन पोरी घेऊन मी सासरच्या गावी आली. गावातल्या बाया म्हनत, "कोष्ट्याची पोर, इले जंगलातलं काय समजते?" मले खरंच काही समजत नव्हतं. सासूनं शिकवलं. मोह कोनता घ्याचा, कोनता जनावराले सोडाचा. तेंदूचं पान कसं खुडाचं. अन सगळ्यात मोठी गोष्ट म्हंजे झाडाखालची जमीन झाडाची.

मोहाचं फूल पहाटे गळते. पाल्यात पडलं तर दिसत नाही. म्हून लोक झाडाखालचा पाला जाळून टाकतात. माही सासू जाळत नव्हती. ती आदल्या दिवशी दिवस बुडाच्या आधी खराट्यानं जमीन झाडे, अंगनासारखी, अन म्हने, "आग लावली का जंगल जाते, झाडलं का फक्त पाठ जाते." मीही मंग झाडत गेली. पाठ गेलीच. पन त्या झाडलेल्या जमिनीनं मले लय शिकवलं. सकाळी फुलं वेचाच्या आधी मी जमीन पाहे. रातच्याले कोन येऊन गेलं ते सगळं तिथी लिहिलेलं राहे. मले कागदावरचं वाचता येत नव्हतं तेवढं, पन हे येत होतं. सायाळ, चितळ, रानडुक्कर, मानूस. मानसाचा पाय दिसला का मले राग येये. जनावर फुलं खाते तं भुकेनं खाते. मानूस काहून आला ते सांगता येत नाही.

समितीनं आमचं सात बायाईचं पथक केलं. काम असं का दोघी दोघीनं जंगलात फिराचं अन फासे काढाचे. फासा म्हंजे मोटारसायकलच्या क्लचची तार. झुडपात गोल करून ठेवतात, जनावराचं मुंडकं नाहीतर पाय त्यात गुतते, मंग ते जेवढं ओढन तेवढी तार आवळते. मी पहिल्या महिन्यात एवढ्या तारा काढल्या का वाटलं या तालुक्यात एकाही गाडीले क्लच राह्यला नसन.

माही जोडी लावून दिली माह्या धाकट्या जावेसोबत. आम्हा दोघीचं तवा बोलनं बंद होतं. सासू मेल्यावर एका मोहाच्या झाडावरून वाद झाला होता. ती म्हने सासूनं ते झाड तिले सांगतलं, मी म्हनो मले. सासू तं उठून सांगाले येनार नव्हती. पथकाच्या मुखिया बाईले मी म्हनलं, "दुसरी कोनी दे वं." ती म्हने, "दुसऱ्या सगळ्याईचं आपसात पटते. तुमचंच पटत नाही, म्हून तुमी सोबत फिरा. एकमेकीवर नजर तरी राहीन."

तसंच झालं. आम्ही फासे कमी पाहो, एकमेकीले जास्त पाहो. झाडाईवर जंगलवाल्यानं कॅमेरे बांधले होते, वाघाचे फोटो काढाले म्हने. मले वाटे का हे आमच्यासाठीच बांधले हायेत. कॅमेऱ्यापुढून जाताना मी पदर नीट करो. माही जाऊ त्याले जीभ काढून दाखवे. एकदा मी बोललीच.

"तो साहेब पाहीन ना वं."

"पाहू द्या बाई. त्याईले रोज वाघच पाहून कटाळा येत असन."

तेवढं पहिलं बोलनं.

मंग मोहाच्या दिवसात एका सकाळी माह्या झाडाखाली एक नवीन निशान दिसलं. पुढच्या नखाईचे खोल ओरखडे, अन मधातून काहीतरी ओढत नेल्यासारखी रेघ. साप नाही, घोरपड नाही. मी जावेले हाक मारली. ती खाली बसली, बोटानं मोजलं, अन म्हने, "बाई, हे खवल्या मांजर हाये. माह्या बापानं दाखवलं होतं लहानपनी." आम्ही त्या रेघेमांगं गेलो. नाल्याच्या काठी जुनं वारूळ होतं, मानसाच्या छातीएवढं, त्याच्या बुडाशी ताजं भोक. बाहेर माती उकरलेली. उधळी, म्हंजे वाळवी, खाते ते, म्हून वारुळातच राहते.

आमच्या भागाची गार्ड बाई होती. तरुन पोरगी, स्कूटीवर येये, आम्हाले मावशी म्हने. तिले दाखवलं तं तिनं पह्यले इकडं तिकडं पाह्यलं, मंग हळूच म्हने, "मावशी, हे कोनालेच सांगाचं नाही. घरी पन नाही. याचे खवले लय दूर जातात, दुसऱ्या देशात जातात. वाघानंतर चोर यालेच शोधतात. अन हे बिचारं पळत नाही, चावत नाही. भीती वाटली का गोल होऊन बसते. चोराले तं उचलून पोत्यात टाकाचं तेवढं काम."

"मंग त्याले दुसरीकडं न्या ना," जाऊ म्हने.

"मादी हाये. पायाचे निशान पाहा, बारीक पन हायेत सोबत. पिल्लू हाये. आता हात लावला तं दोन्ही जातीन. पिल्लू मोठं होईपर्यंत तुमीच पाहा."

 माह्या बापाच्या बोटात त्या खवल्याची अंगठी होती, मूळव्याध जावो म्हून घातलेली. मूळव्याध काही गेली नाही. अंगठी बापासोबत जळाली. कोन्या तरी जंगलातून असंच एक जनावर उचललं असन, तवा ते बापाच्या बोटात आलं असन. हे मी तिथी बोलली नाही.

तर आता ते दोन जीव आम्हा दोघीवर आले. आम्ही रोज तिकडून चक्कर माराले लागलो. मले झोप लागत नव्हती. गावातले लोक मोहासाठी पाला जाळत, आग नाल्यापर्यंत जाये. लाकडं तोडाले मानसं तिकडं जात. कोन्याही दिवशी कोनाचा तरी कुत्रा ते भोक उकरन अन गाव गोळा होईन. मी ज्याच्या त्याच्याकडं संशयानं पाहाले लागली. शेजारचा मानूस खांद्यावर सब्बल घेऊन निघाला तं मी विचारलं, "कुठी चालला गा सब्बल घेऊन?" तो म्हने, "खुंटा गाडाले, वहिनी. काहून, तुमच्या घरी गाडू का?" सगळे हसले. मले हसू आलं नाही.

मंग माह्या डोक्यात एक गोष्ट आली. आमच्या लोकाईले सरकारचं भेव नाही, देवाचं हाये. जंगलात ज्या गोट्याले शेंदूर लागला, त्याच्या आजूबाजूची काडी पन कोनी उचलत नाही. तिथी कोनी आग लावत नाही, कुऱ्हाड चालवत नाही, लघवीले पन बसत नाही. मी जावेले म्हनलं, "वारुळाजवळ एखाद्या गोट्याले शेंदूर लावला तं?"

तिनं माह्याकडं पाह्यलं. "नको बाई. देव झाला का लोक येतीन."

"लोक येतीन तं दुरून हात जोडतीन अन जातीन."

"नको म्हनते ना मी. गार्ड बाईनं काय सांगतलं? कोनाले कळू द्याचं नाही."

मले वाटलं, ही नाही म्हनून राहिली म्हंजे इच्या मनात काहीतरी हाये. ज्याले ते भोक उघडं राहावं वाटते तोच नाही म्हनन. दुसऱ्या दिवशी तिचा नवरा आजारी म्हून ती आली नाही. मी एकटी गेली. घरून शेंदूर नेला होता, टोरीच्या तेलात कालवून. टोरी म्हंजे मोहाचं बी. नाल्यातला एक बरा गोटा उचलला, वारुळापुढं उभा केला अन शेंदूर लावला. हात जोडले. खरं सांगते, मनापासून जोडले. म्हनलं, तू खराच देव असला तं याईले सांभाळ, अन नसला तं निदान दिसाले तरी दिस.

आठ दिवसात तिथी अगरबत्तीच्या काड्या दिसल्या. मंग नारळाची शेंडी. मंग कोनीतरी लाल कपडा बांधला. पाला कोनी जाळला नाही, लाकूड कोनी तोडलं नाही. जाऊ म्हने, "हे कोनं केलं असन?" मी म्हनलं, "मले काय माहीत?" ती पुढं चालू लागली. मी मनात खुश होती का माही अक्कल चालली, कोष्ट्याच्या पोरीची.

गावात एक केसवाला येये. मोटारसायकलवर मांगं भांड्याचा ढीग, बाजूले केसाचं पोतं. "केसावर भांडे घ्या, भांडे!" असा ओरडत फिरे. बाया इंचरलेले केस भिताडाच्या फटीत जमा करून ठेवत, अन तो आला का मुठभर केस देऊन चमचा, वाटी, लयच झाले तं एखादा डबा घेत. चार वर्षांपासून येत होता. गोड बोले. प्रत्येक बाईले म्हने, "मावशी, आपके बाल तो एक नंबर!" माह्या डोक्यावर तवा उंदराच्या शेपटीएवढी वेनी होती, मलेही तेच म्हने. म्हून माहा त्याच्यावर कधीच भरवसा बसला नाही.

एका दुपारी मी पाह्यलं का माही जाऊ त्याच्यासंग बोरिंगजवळ उभी राहून बोलून राहिली. केस द्याले जेवढा टाइम लागते त्याच्यापेक्षा लय जास्त. हळू आवाजात. मी जवळ गेली तं दोघंही गप. संध्याकाळी तिच्या चुलीवर नवीन गंज दिसला. मोठा, दहा मानसाचा भात शिजन असा. आता माह्या जावेचे केस म्हंजे वीतभर, ते पन पातळ. तेवढ्या केसावर चमचा भेटला तरी नशीब. मी विचारलं, "हा गंज कुठून आनला वं?"

"केसावर घेतला."

"कोनाच्या केसावर?"

तिनं गंजात पानी ओतलं अन चूल फुकत बसली. मी घरी आली, पन तो गंज माह्या डोळ्यापुढून हालत नव्हता. एवढा मोठा गंज कोनी फुकट देत नाही. त्याच्या बदल्यात कायतरी मोठं दिलं असनच.

त्यानंतर पाच सहा दिवसांनी सकाळी मी वारुळाकडं गेली. जाऊ मांगून येऊन राहिली होती. दुरूनच धुराचा वास आला. वारूळ फोडलं होतं, कुदळीनं, अर्धं. भोकाच्या तोंडाशी पाला पेटवून आतमधी धूर घातला होता. राख अजून गरम होती. गोटा बाजूले पडला होता, शेंदराचं तोंड खाली करून. मी बसली. जमीन पाह्यली, सवयीनं. बुटाचे निशान. गाडीच्या चाकाचा माग नाल्यापर्यंत. अन राखेजवळ बोरीच्या काट्यात गुतलेले केस. लांब केस, मुठभर.

मी ते केस उचलले अन जावेकडं पाह्यलं. ती येऊन उभी राह्यली होती, तोंड उघडं ठेवून. मी सरळ गावात गेली अन समितीच्या टिनाच्या शेडमधी सगळ्याईले गोळा केलं. मुखिया बाई, पथकातल्या बाया, दोन चार मानसं. सगळ्याईच्या पुढं मी ते केस खाली टाकले.

"खवल्या नेला," मी म्हनलं. "पिल्लासकट. केसवाल्यानं नेला. ही जागा फक्त तिघीले माहीत होती. गार्ड बाई, मी, अन ही. अन हिच्या घरी नवीन गंज हाये. इले विचारा तो कोनाच्या केसावर आला."

सगळे तिच्याकडं पाहाले लागले. एक जन म्हने, "सांग ना वं, कोनाचे केस?"

जाऊ भिंतीले टेकून बसली होती. पदर तोंडावर नव्हता घेतला. म्हने, "माह्या पोरीचे."

"तिचे काहून कापले?" मी विचारलं.

"कापले नाही. गळले." तिनं माह्याकडं पाह्यलंच नाही. "नागपूरच्या दवाखान्यात हाये तीन महिन्यापासून. सुई लावतात तवा गळतात. उशीवरून मी गोळा करून आनले. फेकवले नाही गेले. अन घरात ठेवलेही नाही गेले. केसवाल्याले म्हनलं, दे काही पन. त्यानं विचारलं कोनाचे, मी सांगतलं. म्हून गंज दिला त्यानं. पोरीचं लग्न मोडन म्हून कोनाले सांगतलं नव्हतं, मामाच्या घरी हाये म्हनो. आता सांगतलं."

टिनावर चिमनी चालून राहिली होती, तिचे पाय वाजत होते.   मले वाटलं ही आता उठन अन घरी जाईन, अन मी तिच्या जागी असती तं गेलीच असती.

ती उठली. खाली टाकलेले केस तिनं उचलले, खिडकीपाशी नेले, बोटानं वेगळे केले. "हे एका बाईचे नाहीत," ती म्हने. "हे काळे, हे पांढरे, हे मेंदीवाले. हे पोत्यातले हायेत. पोतं रिकामं केलं त्यानं तिथी, खाली जनावर टाकलं, अन वरून पुन्हा केस भरले. आज पारशिवनीचा बजार. तो बजाराले बसते. पोतं त्याच्या सोबतच असन."

गार्ड बाईले फोन लावला. ती जंगलात आतमधी होती, आवाज तुटत होता. "मावशी, तुमी जाऊ नका, मी येऊन राहिली," एवढं ऐकू आलं.

"ती येईपर्यंत बजार उठन," जाऊ म्हने, अन चप्पल घातली.

आम्ही पाच जनी काळी-पिवळीत बसलो. मी मांगच्या सीटवर, ती समोर. रस्ताभर तिची पाठ मले दिसत होती. मुखिया बाई पुन्हा पुन्हा गार्ड बाईले फोन लावत होती. मी विचार करत होती का हीनंच कशावरून नाही सांगतलं? पोरीसाठी मानूस काहीही करते. असा माहा सभाव. तोंडावर ऐकून पन माह्यातला संशय मरत नव्हता.

बजारात केसवाला मिरचीवाल्याच्या बाजूले बसला होता. पोतं त्याच्या मांगं, त्याच्यावर तो टेकलेला, लोडाले टेकतात तसा. आम्हाले काय कराचं ते ठरलंच नव्हतं. मी म्हनलं थांबा, गार्ड बाई येऊ द्या. पन माही जाऊ सरळ त्याच्यापुढं जाऊन उभी राह्यली अन असं भांडन सुरू केलं का मी तिले इतक्या वर्षांत तसं भांडताना पाह्यलं नव्हतं.

"ए भाऊ! गंज गळून राहिला तुहा!"

"अरे मावशी, नया गंज है, कैसे गळेगा?"

"गळून राहिला म्हनते ना! भात शिजवला तं पेज सारी चुलीत. माहे केस वापस दे!"

"मावशी, वो तो मिक्स हो गये सब। किधर से निकालूँ?"

"मी काढते. माह्या पोरीचे केस हायेत, मी ओळखते. सरक!"

"ओ मावशी, हात नहीं लगाने का!"

लोक जमा झाले. मिरचीवाला म्हने, "दे ना बे तिचे केस तिले, काहून बाईसंग कटकट करते?" कोनी हसून म्हने, "केसासाठी भांडन, बाप्पा!" केसवाल्याच्या तोंडावर हसू होतं, पन तो पोत्यावरून उठत नव्हता. मले ते दिसलं. केसाचं पोतं कोनी एवढं जपत नाही. जावेनं त्याचा एक हात धरला अन मुखिया बाईनं दुसरा, अन त्या ओढून राहिल्या होत्या तेवढ्यात मी मांगून गेली अन पोत्यात कोपरापर्यंत हात घातला.

केस मऊ होते. मंग खाली कडक काही लागलं. गोल. थंड, नारळासारखं, पन खवले खवले. अन ते हाललं. श्वास घेतल्यासारखं, हळूच.

"हाये!" मी ओरडली. "हाये वं, जितं हाये!"

केसवाला गाडीकडं पळाला. मिरचीवाल्यानं पाय आडवा घातला. लोकाईनं धरला. गार्ड बाई अन तिचे साहेब आले तवा आम्ही पोत्याच्या भोवती बसलो होतो, सावलीसाठी पदर धरून. साहेबानं पोत्यातून ते गोल जनावर उचललं तं मेंदीचे केस, पांढरे केस त्याले चिपकलेले. ते उघडलं नाही. आतमधी पिल्लू हाये का नाही ते कोनालेच दिसत नव्हतं. 

पुढच्या मीटिंगमधी गार्ड बाईनं सांगतलं का केसवाला काय बोलला. त्याले कोनी खबर दिली नव्हती. तो म्हने, मी चार वर्षांपासून इथून येतो जातो, नाल्यावर कधी देव नव्हता. आता लाल कपडा दिसला, शेंदूर दिसला. या जंगलात देव असाच उगाच होत नाही, काहीतरी दिसलं असन लोकाईले. म्हून जाऊन पाह्यलं, तं देवाच्या मांगं भोक.

"तो शेंदूर कोनं लावला?" गार्ड बाईनं विचारलं.

सगळे एकमेकाकडं पाहाले लागले. माह्या जावेनं माह्याकडं पाह्यलं नाही. मी खाली पाह्यलं. नाही बोलली. लोकाईपुढं तिले उभं केलं तवा माही जीभ लय चालली होती. त्या दिवशी नाही चालली.

दहा बारा दिवसांनी गार्ड बाई पुन्हा आली. म्हने, मादी बरी हाये, खाऊन राहिली हाये. पिल्लू गेलं. पोटाखाली होतं, धूर लागला होता त्याले. सांगताना ती चष्मा पुसत होती. बायाईनं च्च च्च केलं अन आपापल्या कामाले गेल्या. मी घरी गेली नाही. जावेच्या अंगनात जाऊन उभी राह्यली. ती तांदूळ निवडून राहिली होती.

"शेंदूर मी लावला होता," मी म्हनलं.

"मले माहीत हाये."

"कसं काय?"

"टोरीच्या तेलाचा वास होता. या गावात शेंदूर टोरीच्या तेलात सासूबाई कालवत, अन आता तुमी."

"मंग त्या दिवशी शेडमधी काहून नाही बोलली? मी एवढं बोलली तुले."

तिनं एक खडा काढून बाजूले फेकला. "तवा खवल्या जिता होता बाई. तुमच्यासंग भांडत बसली असती तं बजार उठला असता."

मी पुढच्या मीटिंगमधी सगळ्याईपुढं सांगतलं. कोनी काही बोललं नाही, मुखिया बाईनं वहीत काहीतरी लिहिलं. त्यापेक्षा कोनी बोललं असतं तं बरं झालं असतं. मी गोटा उचलून नाल्यात टाकाले गेली तं गावच्या लोकाईनं अडवलं. म्हने, देव झाला आता, कसा काढनार? त्या फुटक्या वारुळापुढं लोक अजून नारळ फोडतात. मले माहीत हाये तिथी काय हाये. काहीच नाही.

जोड्या बदलल्या. जाऊ मुखिया बाईसंग फिरते. मले म्हातारी म्हून नाल्याच्या अलीकडचं काम देलं, गावाजवळचं. मी तक्रार केली नाही. जावेची पोरगी दवाखान्यातून घरी आली तवा मी एक वेळ भाकरी घेऊन गेली, तिनं घेतली, जावेनंही घेतली. बोलनं हाये. पहिल्यासारखं नाही, पन पहिले तरी कुठी होतं.

मादी बरी झाल्यावर जंगलात सोडली. गार्ड बाई मले रस्त्यात भेटली, स्कूटी थांबवली. तिचं तोंड पाहून मले समजलं का तिले सांगाचं तं हाये, पन सांगता येऊन नाही राहिलं.

"मावशी, सोडली कालच. कुठी ते," ती थांबली. "वाईट नका वाटून घेऊ."

"नको सांगू," मी म्हनलं. "कोनालेच नको सांगू. अन मले तं अजिबात नको."